मिस्ड कॉलची कुळकथा

31 जुलै 1995. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातली मोबाइल सेवा सुरू केली. त्या काळी मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. त्यामुळे मोबाइल वाजला की माणसं नंबर पाहून तो कट करत आणि जवळचा एसटीडी बूथ गाठत.

1 मे 2003 पासून येणारे कॉल मोफत झाले. बिलाचा भार फक्त फोन करणाऱ्यावर आला, तोही समोरच्यानं फोन उचलला तर. नुसती रिंग फुकट! लँडलाइनच्या काळात ‘पोचल्यावर दोन रिंगा देतो’ असं आधी ठरवावं लागे. मोबाइलच्या पडद्यावर नावच उमटत असल्यानं ती गरज उरली नाही. दहा रुपयांच्या रिचार्जवर दिवस काढणाऱ्यांना ही सोय मोठीच होती.

मग त्या एका रिंगेत केवढा तरी मजकूर मावू लागला. कॉलेजच्या मित्राचा मिस्ड कॉल म्हणजे ‘खाली ये’. रिक्षावाल्याचा म्हणजे ‘दारात उभा आहे’. रात्री उशिरा आलेला म्हणजे ‘आठवण आली’, आणि त्याला उत्तरही मिस्ड कॉलनंच जाई.

यातही मानपान होताच. गावाकडच्या आईनं पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला मिस्ड कॉल द्यावा आणि त्यानं लगेच उलट फोन करावा, हे दोघांनाही रास्त वाटे. पण नोकरी मागायला गेलेल्यानं साहेबाला किंवा मुलीच्या बापानं व्याह्यांना मिस्ड कॉल देणं शोभत नसे. जोनाथन डॉनर या संशोधकानं रवांडात याच प्रथेचा अभ्यास करून 2007 साली निबंध लिहिला. तिथं तिला ‘बीपिंग’ म्हणत. नियम इथल्यासारखाच: ज्याची ऐपत जास्त, त्यानं फोन करायचा.

कंपन्यांनी आणि पुढाऱ्यांनी ही ताकद ओळखली. 2010 साली बंगळुरूत सुरू झालेल्या ‘झिपडायल’नं मिस्ड कॉलवर धंदा उभारला, 2015 मध्ये ट्विटरनं ती कंपनी विकत घेतली. 2011 साली राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला देशभरातल्या लोकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा नोंदवला. बँकेतली शिल्लक, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब, 2021 पासून इंडेनचा सिलिंडरसुद्धा एका मिस्ड कॉलवर मिळू लागला.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, बोलणं रिचार्जमध्येच धरलं गेलं आणि घरगुती मिस्ड कॉलचं कारणच संपलं. आता तो शब्दशः न घेतलेला फोन असतो आणि ‘का उचलला नाहीस?’ असा जाब सोबत आणतो.

या बदलात गरिबाचं मात्र नुकसान झालं. 2018 च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी नंबर चालू ठेवण्यासाठी दरमहा किमान रिचार्ज सक्तीचं केलं. पूर्वी रुपया-दोन रुपये शिल्लक असली तरी लेकाला रिंग देता येई. आज प्लॅनची मुदत संपली की साधा मिस्ड कॉलही जात नाही. आपल्या घरी, गावी अशा फोनवर कुणी थोरलं माणूस असेल, तर त्याच्या मिस्ड कॉलची वाट न पाहता आपणच फोन करावा.