नाममुद्रा आणि टाका

१८५८ साली पॅरिसमधील रू द ला पे या रस्त्यावर चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज गृहस्थाने ओटो बोबेर्ग या भागीदारासह कपड्यांची पेढी उघडली. आधुनिक फॅशनच्या इतिहासाचा आरंभ तेथून मोजण्याचा प्रघात आहे. हंगामापूर्वीच नमुने सिद्ध ठेवावयाचे आणि ते जिवंत स्त्रियांच्या अंगावर घालून ग्राहकांना दाखवावयाचे, ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय वर्थला दिले जाते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्याची दुसरीच एक कृती अधिक अर्थपूर्ण वाटावी. कपड्याच्या आत, कंबरेच्या फितीवर, वर्थने स्वतःचे नाव विणून घातले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव यावे तसे वस्त्राच्या अस्तराशी कर्त्याचे नाव आले. या नाममुद्रेचा, आणि जिने ती कपड्याला जोडली त्या टाक्याचा, इतिहास साहित्य व साहित्यसिद्धान्त यांच्या आधाराने तपासावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्थपूर्वीच्या व्यवहारात कपड्याचा कर्ता कोण, हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. कापड ग्राहक स्त्री स्वतः विकत घेई आणि शिवणारी तिच्या सांगण्याप्रमाणे ते बेतून, शिवून देई. पॅरिसमधील शिवणाऱ्या स्त्रियांच्या स्वतंत्र संघाला चौदाव्या लुईच्या काळात, १६७५ साली, मान्यता मिळाली होती. म्हणजे स्त्रियांचे कपडे शिवणे हा स्त्रियांचाच राजमान्य व्यवसाय होता. वर्थने हे नाते उलटे केले. कापडाची निवड त्याची, बेतणी त्याची, अभिरुचीही त्याचीच. ग्राहक स्त्रीने त्याच्या पेढीवर यावे आणि त्याचा निर्णय मानावा. सम्राज्ञी युजेनीचा आश्रय लाभल्यावर युरोपभरच्या धनिक स्त्रियांनी तो मानलाही. उतारवयातील छायाचित्रात वर्थ रेम्ब्रांटच्या आत्मचित्रांची आठवण व्हावी अशी टोपी घालून बसलेला दिसतो. कारागिराने कलावंताचे सोंग घेतले, असे म्हणून हे हसण्यावारी नेता येणार नाही. १८७० च्या सुमारास त्याच्या पेढीत हजाराहून अधिक माणसे कामाला होती आणि त्यांत बहुसंख्य शिवणाऱ्या स्त्रिया होत्या. त्या सर्वांचे काम एका नावाखाली बाजारात जावयाचे, तर त्या नावाला कलावंताचे वलय असणे ही व्यवसायाची गरजच होती.

नाममुद्रा हा शब्द येथे हेतुतः योजला आहे. मराठी वाचकाला तो अभंगाच्या अखेरच्या चरणामुळे परिचित आहे, आणि नामदेव तर शिंपीच. 'नामा' या मुद्रेखाली नामदेवाबरोबर विष्णुदास नाम्याच्या रचनाही वावरत राहिल्या आणि त्या वेगळ्या करण्यात आपल्या संशोधकांची बरीच शक्ती खर्ची पडली. वर्थच्या मुद्रेखालीही अनेक हात होते. पण तेथे पाठभेद नाहीत, भाषेचा पुरावा नाही. उत्तम टाका तोच, जो दुसऱ्या उत्तम टाक्यापासून ओळखता येत नाही. शिवणारीचे कौशल्य जितके मोठे तितकी तिची खूण पुसट.

'लेखक म्हणजे काय?' या १९६९ च्या व्याख्यानात मिशेल फुको यांनी लेखकाच्या नावाचा इतिहास मांडताना एक महत्त्वाचा क्रम सांगितला आहे. त्यांच्या मते संहितेला लेखक चिकटला तो प्रथम दंडाच्या संदर्भात. पाखंडी किंवा राजद्रोही मजकुरासाठी कोणाला तरी शिक्षा करता आली पाहिजे, म्हणून नाव हवे झाले. संहितेवरील मालकीहक्काची व्यवस्था अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी आली. मला असे वाटते की वस्त्राच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा झाला. येथे नाव आले ते मालकीसाठी. त्या नावाखाली घडलेल्या अपराधाबद्दल नावाच्या धन्याला जबाबदार धरण्याची भाषा यावयास सुमारे दीडशे वर्षे लागली. या दीडशे वर्षांत टाक्याविषयी कोण बोलत होते, हे पाहण्यासाठी वर्थ पॅरिसला गेला त्यापूर्वीच्या लंडनकडे वळावे लागते.

वर्थ १८४५ पर्यंत लंडनमधील कापडाच्या दुकानांत उमेदवारी करीत होता. त्याच काळात, १८४३ च्या डिसेंबरात, 'पंच' या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात टॉमस हूड याची 'द साँग ऑफ द शर्ट' ही कविता आली. सदरे शिवून पोट भरणाऱ्या स्त्रीचे हे गाणे निनावी छापले गेले होते. पुढे कवीचे नाव उघड झाले, कवितेची कीर्ती झाली, आणि हूडच्या थडग्यावर त्याच्या या गाण्याचा उल्लेख कोरण्यात आला. कवितेतील स्त्रीला मात्र नाव नाही. त्याच वर्षीच्या बालकामगार आयोगाच्या अहवालात आर. डी. ग्रेंजर यांनी लंडनमधील शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या साक्षी नोंदविल्या आहेत. हंगामात पंधरा ते अठरा तास काम, कोंदट खोल्या, अधू होत जाणारी दृष्टी हे सारे त्यांत आहे. हंगाम हा शब्द येथे फसवा आहे. शेतीचा हंगाम पावसाच्या हाती असतो; हा हंगाम पार्लमेंटचे अधिवेशन, दरबार आणि नृत्यसमारंभ यांच्या हाती होता. सोमवारच्या समारंभाची आज्ञा शुक्रवारी आली, तर मधल्या रात्री कोणाच्या, हे निराळे सांगावयास नको.

कादंबरीने या खोलीत प्रवेश केला तो एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'रूथ'मध्ये (१८५३). जानेवारीतील रात्री दोन वाजून गेले तरी मुली शिवीत बसल्या आहेत, या दृश्याने ती आपल्याला खोलीत नेते. पुढे यांपैकी चौघींना नृत्यसमारंभास नेले जाते. नाचताना फाटलेले झगे तेथल्या तेथे सांधून देण्यासाठी. रूथ गुडघे टेकून एका तरुणीच्या झग्याला टाके घालते आहे आणि त्या तरुणीचा नाचातला जोडीदार तिच्याकडे पाहतो आहे. वस्त्र नेसणारी, शिवणारी आणि पाहणारा यांना एकाच चौकटीत आणणारे असे दुसरे दृश्य त्या काळच्या कादंबरीत मला तरी आढळलेले नाही. पण नंतर काय होते? रूथ त्या पुरुषाच्या मोहाला बळी पडते आणि कादंबरी 'पतिते'च्या प्रश्नाकडे वळते. शिवणाची खोली मागे पडते ती पडतेच. व्हिक्टोरियन साहित्याची ही सवयच म्हणावी लागेल. शिवणाऱ्या स्त्रीच्या मजुरीचा प्रश्न त्याला तिच्या शीलाच्या प्रश्नात रूपांतरित केल्याखेरीज हाताळता येत नाही. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याच्या 'द सीमस्ट्रेस' या लोकप्रिय कादंबरीवर समीक्षकांनी उथळपणाचा ठपका ठेवावा, हे ठीकच आहे. तरी एक मखमली झगा शिवणारीच्या खोलीपासून सरदारपत्नीच्या दालनापर्यंत किती मध्यस्थांच्या हातांतून जातो आणि प्रत्येक हात आपला वाटा कसा काढून घेतो, हे तिने दाखविले. गॅस्केलच्या श्रेष्ठ कादंबरीला ते दाखवावेसे वाटले नाही.

१८६३ च्या जूनमध्ये मेरी ॲन वॉक्ली ही वीस वर्षांची मुलगी लंडनमधील मादाम एलीझ यांच्या पेढीत मरण पावली. नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभाचे झगे पुरे करावयाचे म्हणून ती साठ मुलींबरोबर, एका खोलीत तीस या हिशेबाने, सलग साडेसव्वीस तास शिवीत होती. शुक्रवारी आजारी पडली, रविवारी गेली. अतिश्रम आणि दाटीवाटीच्या कोंदट खोल्या हे मृत्यूचे कारण, असे तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. पंचांनी मृत्यू झटक्याने झाला असे ठरवून अतिश्रमाविषयी केवळ शंका नोंदविली. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (१८६७) कामाच्या दिवसावरील प्रकरणात ही हकीकत दिली आहे. 'पंच'मधील जॉन टेनिएल याच्या चित्रात नवा झगा घालून आरशासमोर उभ्या राहिलेल्या स्त्रीला आरशात गतप्राण शिवणारी दिसते. येथे लक्षात घ्यावयास हवे ते हे की मेरी ॲन वॉक्ली हे नाव आपल्यापर्यंत पोचले ते मृत्यूच्या चौकशीमुळे. वर्थचे नाव फितीवरून इतिहासात आले. शिवणारीच्या नावाला पंचनाम्याची वाट धरावी लागली.

पॅरिसमध्ये दरम्यान फॅशनची स्वतंत्र भाषा घडत होती. १८७४ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात स्तेफान मालार्मे यांनी 'ला देर्निएर मोद' या नियतकालिकाचे आठ अंक काढले आणि मार्गरीत द पोंती, मिस सॅटिन अशी टोपणनावे घेऊन ते जवळजवळ एकट्याने लिहिले. शुद्ध काव्याचा उपासक झालरी आणि फितींची वर्णने करीत होता, यात विसंगती नाही. वस्तू बाजूला ठेवून तिचा केवळ ध्वनी उरवावयाचा, हे दोन्हीकडचे सूत्र. एमिल झोला यांनी 'ओ बोनर दे दाम'मध्ये (१८८३) 'बों मार्शे'सारख्या महाकाय दुकानाचे यंत्र उभे केले आणि मंदीच्या महिन्यांत विक्रेत्यांना धडाधड काढून टाकले जाते तेही नोंदविले. पण झोलाही विक्रीच्या दालनात रमले.

रोलाँ बार्थ यांच्या 'सिस्तेम द ला मोद' (१९६७) या ग्रंथाचा अभ्यासविषय 'लिहिलेले वस्त्र' हा आहे. १९५८ च्या जूनपासून वर्षभरातील 'एल' व 'जार्दँ दे मोद' या नियतकालिकांतील वर्णने हा त्यांचा मुख्य आधार. प्रत्यक्ष वस्त्र, चित्रित वस्त्र आणि लिहिलेले वस्त्र असा भेद करताना प्रत्यक्ष वस्त्राची रचना तंत्राची असते, असे ते सांगतात. शिवण म्हणजे शिवण्याच्या कृतीची उरलेली खूण. आणि एवढे सांगून ते त्या खुणेपासून दूर होतात. हे अनवधान नव्हे. उत्पादक आणि ग्राहक दोघेही सारखेच हिशेबी असते तर कपडा झिजेल तेव्हाच नवा घेतला गेला असता. म्हणून हिशेबी उद्योगाला हिशेब न करणारा ग्राहक घडवावा लागतो आणि त्यासाठी वस्तूवर शब्दांचा पडदा सोडावा लागतो, हे बार्थ यांनीच ग्रंथारंभी सांगितले आहे. आक्षेप एवढाच की पडद्याचे इतके सूक्ष्म विश्लेषण करणारा हा ग्रंथ पडद्याच्या अलीकडेच थांबतो. ग्राहक काय विसरतो ते कळते. शिवणारी काय जाणते ते कळत नाही.

ती जे जाणत होती ते अधूनमधून रस्त्यावर आले. दुपारी घाईने चार घास खाणाऱ्या म्हणून पॅरिसमध्ये या मुलींना 'मिदिनेत' म्हणत. गाण्यांतून, चित्रांतून रंगविली गेलेली ही लाडिक प्रतिमा होती. १९१७ च्या मे महिन्यात, ऐन महायुद्धात, एका पेढीने शनिवारच्या दुपारची मजुरी कापावयाचे ठरविताच तेथील मुली बाहेर पडल्या आणि काही दिवसांत संप शहरभर पसरला. त्याच वर्षी ११ जूनच्या कायद्याने वस्त्रोद्योगातील स्त्रियांना शनिवारची दुपार मोकळी मिळाली. शनेलच्या पेढीतही १९३६ साली संप झाला. मादलेन व्हियोने यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. लहान वयात शिवणाच्या खोलीत उमेदवारीला लागलेल्या या बाईंनी आपल्या पेढीत शिवणाऱ्यांसाठी भोजनगृह व दवाखाना चालविला. नकला रोखण्यासाठी त्या फितीवर नावाबरोबर आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवीत. आपल्याकडील दस्तऐवजांत अंगठा उठविणारा तो, ज्याला सही येत नाही. व्हियोनेंचा अंगठा मालकीचा होता. पण सुई धरलेल्या हाताची खूण फितीवर आली ती बहुधा तेवढीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाव आणि टाका यांची फारकत पूर्ण झाली. क्रिस्तियाँ दिओर यांची पेढी मार्सेल बुसाक या सुती कापडाच्या कारखानदाराच्या भांडवलावर उभी राहिली आणि १२ फेब्रुवारी १९४७ च्या प्रदर्शनाने ती जगप्रसिद्ध झाली. त्या विपुल घेरांना लागणारे कापड बुसाकच्या धंद्याला पोषकच होते. पण त्याच वर्षी अत्तर आले, मग पायमोजे व इतर वस्तूंसाठी नाव वापरू देण्याचे परवाने. दिओर १९५७ साली वारले, नाव चालत राहिले. बुसाकचा डोलारा १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोसळला आणि १९८४ साली तो समूह बेर्नार आर्नो यांच्या हाती आला. त्यांनी कापडाच्या गिरण्या बहुतांशी विकल्या वा बंद केल्या, हजारो कामगार घरी गेले. राखून ठेवले ते दिओर हे नाव आणि झोलांच्या कादंबरीला आधार पुरविणारे 'बों मार्शे' हे दुकान. आर्नो पुढे काही काळ जगातील सर्वांत श्रीमंत व्यक्ती म्हणून गणले गेले. माग विकून नाव ठेवणे हा व्यवहार वर्थच्या फितीतच बीजरूपाने होता, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील साभार येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसल्यावर खालची बँक व दुकाने बंद राहिली होती. वरच्या शिवण-कारखान्यांतील कामगारांना मात्र परत बोलावले गेले. ११३४ माणसे दगावली. त्यानंतरच्या दिवसांत कार्यकर्ते ढिगाऱ्यातून कपड्यांच्या चिंध्या गोळा करीत होते. त्यांना हव्या होत्या त्या चिंध्यांवरील फिती. कोणत्या पाश्चात्त्य व्यापारी नावासाठी येथे काम चालले होते, हे सिद्ध करण्यास अनेकदा तेवढाच पुरावा होता. काही कंपन्या आपला माल तेथे शिवला जात असल्याचे नाकारीत होत्या, तो आपल्या परवानगीविना पोटकंत्राटाने तेथे गेला असावा असे म्हणत होत्या. फुकोंनी सांगितलेला दंडनीय लेखक येथे प्रथम वस्त्राच्या अस्तरात शोधला गेला. नाव होते, हस्ताक्षर होते, आणि लेखक लेखकत्व नाकारीत होता. ओळख न पटलेल्या मृतांना ढाक्यातील जुराइन येथे पुरण्यात आले तेव्हा त्यांच्या थडग्यांवर क्रमांक घातले गेले.

फ्रान्सने २०१७ च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांवर आपल्या पोटकंत्राटदारांकडील मानवी हक्कांच्या भंगाबाबत दक्षता राखण्याचे कायदेशीर बंधन घातले. २०२४ च्या जूनमध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओरच्या इटलीतील एका उत्पादक उपकंपनीवर न्यायालयीन प्रशासन नेमले. पोटकंत्राटदारांच्या कार्यशाळांत कामगारांचे शोषण होत असता कंपनीने पुरेशी देखरेख ठेवली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सुमारे २६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका पिशवीच्या जोडणीसाठी, कातड्याचा खर्च वगळून, कंत्राटदाराला ५३ युरो मिळत होते, हे त्या कागदपत्रांतून बाहेर आले. कंपनीने पुरवठादारांवरील देखरेखीची पद्धत बदलल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत, मुदतीपूर्वीच, हे प्रशासन उठविण्यात आले.