पाव्हलॉव्हची कबुली

पाव्हलॉव्ह हें नांव काढलें कीं आमच्या विद्यार्थ्यांस घंटेच्या नादाबरोबर लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. परंतु १९०४ सालीं या रशियन शास्त्रज्ञास नोबेल पारितोषिक मिळालें तें या प्रयोगांबद्दल नव्हे. अन्नपचनाच्या संशोधनाबद्दल मिळालें. त्या संशोधनाची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. कारण तींतील एक प्रसंग आम्हांस त्या पारितोषिकाहूनही मोलाचा वाटतो.

इव्हान पाव्हलॉव्ह १८४९ सालीं रियाझान येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मले. धर्मविद्यालयांत घातलेला हा मुलगा तेथून निघून सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठांत सृष्टिविज्ञान शिकूं लागला. १८९० सालीं त्याच शहरांतील प्रायोगिक वैद्यकाच्या संस्थेंत शारीरविज्ञानाची शाखा उभारण्याचें काम त्यांच्याकडे आलें आणि तें त्यांनीं सुमारें ४५ वर्षें सांभाळलें.

त्या काळीं पचनाचे प्रयोग पुष्कळदां ताज्या शस्त्रक्रियेनें विकल झालेल्या जनावरावर होत. मोडक्या घड्याळावरून वेळ सांगण्यासारखेंच तें होतें! पाव्हलॉव्ह यांनीं निराळा मार्ग धरला. रुग्णालयांतल्यासारखी स्वच्छता राखून ते कुत्र्यावर शस्त्रक्रिया करीत, जखम पुरती भरूं देत, आणि मग त्या हिंडत्या-फिरत्या प्राण्याचा पाचकरस कायमच्या छिद्रावाटे महिनोगणती मिळवीत. एका प्रयोगांत त्यांनीं कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशीं छेदून तिचीं तोंडें बाहेर आणलीं. गिळलेलें मांस पोटांत न जातां खालीं पडे. तरीही कांहीं मिनिटांतच रिकाम्या जठरांतून रस वाहूं लागे. जठराकडे जाणारे मज्जातंतु तोडले कीं हा रस बंद! ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ असें आपले लोक म्हणत आले. भूक हीच पचनाची पहिली साहाय्यक आहे, हें या प्रयोगानें डोळ्यांना दाखविलें.

पुढें त्यांनीं मज्जातंतु शाबूत राखून जठराचा एक लहानसा कप्पा वेगळा शिवून काढला. मुख्य जठरांत अन्न पचत असतां या कप्प्यांतून निर्भेळ रस मिळे. मांस, पाव आणि दूध यांवर जठर सारखाच रस सोडीत नाहीं, पावावरील रसाची पाचकशक्ति सर्वांत अधिक असते, असें त्यावरून कळलें. १८९७ सालीं हें सर्व व्याख्यानरूपानें प्रसिद्ध झालें. पाचकग्रंथींवर मज्जातंतूंची सत्ता चालते, हें मत तोंवर त्यांच्या मनांत दृढ झालें होतें.

जठरांतील आम्ल लहान आतड्याच्या आरंभीं पोंचतांच स्वादुपिंड आपला रस सोडतें, ही गोष्ट त्यांच्याच प्रयोगशाळेंत सिद्ध झाली होती. तिचेंही श्रेय त्यांनीं मज्जातंतूंनाच दिलें. परंतु १९०२ सालीं लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग यांनीं आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतु तोडून तेथें आम्ल घातलें, तरी स्वादुपिंडाचा रस वाहिला. मग त्यांनीं आतड्याची अंतस्त्वचा वाळू व आम्ल घालून खलली आणि तिचा गाळलेला अर्क शिरेंत टोंचला. पुन्हां रस वाहिला. निरोप रक्तावाटे गेला होता! अशा द्रव्यांना स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं ‘हॉर्मोन’ हें नांव वापरलें.

पाव्हलॉव्ह यांनीं तोच प्रयोग आपल्या सहकाऱ्याकडून समक्ष करवून घेतला. परिणाम तोच आला. त्यांचे शिष्य बाबकिन सांगतात कीं, गुरुजी एक शब्दही न बोलतां आपल्या खोलींत गेले आणि अर्ध्या तासानें बाहेर येऊन म्हणाले, त्यांचेंच बरोबर आहे. सत्य शोधण्याचा मक्ता कांहीं आपण एकट्यांनीं घेतलेला नाहीं.

त्यांचें जुनें मत सर्वस्वीं खोटें ठरलें असें नव्हे. मज्जातंतु आणि हॉर्मोन मिळून पचनाचा कारभार चालवितात, असें आज आपण जाणतों. मग हातांत आलेली ही गोष्ट त्यांना ओळखतां कां आली नाहीं? आमच्या मतें, त्यांचें यशच आड आलें. मुळांतच चुकलेलें मत सोडणें फारसें कठीण नसतें. दहा वेळां खरें ठरलेलें मत अकराव्या वेळीं सोडणें महाकठीण. पाव्हलॉव्ह यांस त्यासाठीं अर्धा तास लागला. एखाद्या विद्यार्थ्यानें वर्गांत आमची चूक दाखविली असतां ती कबूल करावयास आम्हां अध्यापकांस कित्येकदां सबंध वर्षही पुरत नाहीं!