सोवळे आणि परीटघडी : मुंबईच्या मराठी घरांतील भोजनवस्त्राचा विचार

१

भोजनाच्या वेळी अंगावरील वस्त्र अन्नाने मळू नये म्हणून कोणती तजवीज करावी, हा प्रश्न सर्वच समाजांपुढे असतो. त्याची उत्तरे मात्र निरनिराळी असतात. युरोपीय भोजनपद्धतीने तो वस्त्रावर दुसरे वस्त्र घेऊन सोडविला. मांडीवर पसरावयाचा रुमाल आणि मुलाच्या गळ्याशी बांधावयाचे फडके ही त्या उत्तराची दोन रूपे होत. मराठी घरातील प्रतिष्ठित रीत याहून वेगळी होती. तेथे वस्त्र झाकीत नसत, बदलीत असत. बाहेरचे कपडे उतरवावयाचे, जेवणासाठी राखलेले वस्त्र नेसावयाचे आणि मग पाटावर बसावयाचे, असा तो क्रम होता.

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग ह्या भागांतील गेल्या दीडशे वर्षांच्या गृहजीवनाकडे पाहिले असता ह्या रीतीसंबंधी एक गोष्ट विशेष ध्यानात येते. कपडे उतरवून जेवावयास बसण्याची कृती पुष्कळ अंशी टिकून राहिली. तिचा हेतू मात्र उलटला. पूर्वी वस्त्रापासून अन्न राखावयाचे होते. पुढे अन्नापासून वस्त्र राखावयाचे झाले. कृती तीच राहिल्यामुळे हा पालट सहसा डोळ्यांत भरत नाही. तो शब्दांत मात्र उमटलेला आहे.

२

मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) सोवळे, ओवळे, उष्टे, खरकटे हा शब्दवर्ग आढळतो. ह्यांपैकी उष्टे हा शब्द संस्कृत ‘उच्छिष्ट’ ह्यापासून आलेला असून त्याचा संबंध मुखस्पर्शाशी आहे. खरकटे ह्या शब्दाचा संबंध पाण्यात शिजविलेल्या अन्नाशी व त्याच्या चिकटून राहणाऱ्या शितांशी आहे. भात खरकटा, भाजलेले पोहे तसे नव्हेत. ज्या पदार्थाला हा दोष लागत नाही त्यास ‘निर्लेप’ म्हणत. तेव्हा खरकट्याचा हात वस्त्राला लागणे ह्यात डाग पडण्याची चिंता गौण असून दोष लागण्याची चिंता मुख्य होती.

सोवळ्याच्या वस्त्रांची नावेही हेच सांगतात. कद, मुकटा, पीतांबर ही रेशमी वस्त्रे आणि धाबळी हे लोकरीचे वस्त्र. रेशीम व लोकर ह्यांना विटाळ सहज लागत नाही अशी समजूत. सुती धोतर सोवळ्यात वापरावयाचे तर ते घरी धुऊन, कोणाचाही स्पर्श होणार नाही अशा उंच वळणीवर काठीने वाळत घालावे लागे. ह्या साऱ्या व्यवस्थेत डागाला जवळजवळ स्थानच नाही. हळदीचा वा तुपाचा डाग पडलेला मुकटा सोवळाच राही. उलट, स्वच्छ धुतलेले धोतर वळणीवरून उतरविताना कोणाच्या हाताचा स्पर्श झाला की ते ओवळे होई.

हे सर्व मराठी भाषकांना सारखेच लागू होते असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. कद-मुकट्याचे सोवळे मुख्यतः ब्राह्मण व तत्सम जातींच्या घरांतले. इतरांच्या घरी पुरुष पंचा गुंडाळून किंवा केवळ अंगरखा काढून जेवावयास बसे. तथापि शुद्धीची भाषा ह्या आचाराहून पुष्कळ दूरवर पसरलेली होती, आणि तिची झळ ज्यांना स्पर्शाचे अधिकारच नाकारले होते त्यांना सर्वांत अधिक लागत होती.

३

‘सोवळे’ ह्या शब्दासमोर ‘परीटघडी’ हा शब्द ठेवून पाहावा. परिटाने धुऊन, इस्त्री करून घडी घातलेले, अद्याप न मोडलेले वस्त्र म्हणजे परीटघडीचे वस्त्र. सोवळ्याच्या दृष्टीने ते अशुद्धच; परिटाकडून आलेले कापड पाण्यातून काढल्यावाचून सोवळ्यात चालत नसे. म्हणजे एकाच घरात स्वच्छतेच्या दोन कल्पना नांदत होत्या. एकीचा संबंध स्पर्शाशी, दुसरीचा डागाशी व सुरकुतीशी. पहिलीचे क्षेत्र स्वयंपाकघर, दुसरीचे कचेरी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरगावच्या वाड्यांत आणि चाळींत कारकून, शिक्षक, वकील ह्यांचा जो वर्ग वाढला, त्याच्या दिनक्रमात ह्या दोन कल्पना रोज समोरासमोर येत. हा मनुष्य सकाळी लवकर जेवून कोटातील कचेरीत जाई. त्याने पंचा नेसून भात-आमटी खावी, हात धुवावा आणि मग परीटघडीचे धोतर व कोट चढवावा, हा क्रम दोन्ही कल्पनांना एकाच वेळी संतोष देणारा होता. सोवळे पाळले जाई आणि कोटही वाचे. हेतूचा पालट कोणत्या वर्षी झाला हे सांगता येत नाही, ह्याचे कारण हेच. दोन्ही हेतू बराच काळ एकाच पंचाच्या आश्रयाने राहिले. सोवळ्याचे बंधन सैल झाल्यावरही पंचा राहिला, कारण आता त्याला दुसरे काम मिळाले होते.

जमिनीवरील जेवणाची रचनाही येथे लक्षात घ्यावयास हवी. पाटावर मांडी घालून बसलेल्या माणसाचे मुख पानापासून पुष्कळ उंच असते. घास त्या अंतरातून वर न्यावा लागतो आणि सांडले तर ते मांडीवर पडते. केळीच्या पानाला काठ नसतात. म्हणून भातात आळे करून त्यात आमटी वाढून घेण्याची रीत पडली. पातळ पदार्थ भातानेच अडविला जातो. बोटांच्या पेरांपलीकडे हात भरू नये, कोपरापर्यंत ओघळ येऊ देऊ नये, हे मुलांना लावावयाचे वळणही त्याच रचनेचा भाग होय. पंगतीत वस्त्राचे रक्षण प्रथम हाताच्या शिस्तीने होई आणि मगच वस्त्राने.

डागांत हळदीचा डाग सर्वांत चिवट. साबण लावताच तो लाल होतो. हळदीवर क्षाराची क्रिया होऊन कुंकवाचा लाल रंग सिद्ध होतो, तीच क्रिया येथे धोतरावर घडते. असा डाग उन्हात विटतो. चाळीच्या सज्जात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारे ऊन म्हणूनच नुसते वाळविण्यापुरते नव्हते.

४

गिरगावातून परळ-लालबागकडे वळले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप बदलते. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ मध्ये काढलेल्या कापडगिरणीपासून ज्या उद्योगाचा आरंभ झाला, त्याने पुढील अर्धशतकात हा परिसर गिरणगाव करून सोडला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या बाजूंनी आलेले पुष्कळ कामगार कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत अनेक जण राहत आणि खानावळीत जेवत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात नायगाव, डिलाइल रोड, वरळी व शिवडी येथे बांधलेल्या चाळींतील खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट. शिजविणे, जेवणे, निजणे सारे त्यातच. येथे जेवणाचे वस्त्र वेगळे राखावयास ना वळणी होती ना सवड. पाळीवरून आलेल्या कामगाराच्या कपड्यावर तेल व कापसाची तूस असे. ते उतरवून, अंग धुऊन तो बनियन व अर्ध्या चड्डीवर किंवा पंचावर जेवावयास बसे. वस्त्र बदलण्याची कृती येथेही आहे. परंतु तिचे कारण गिरणीचा मळ होय, सोवळे नव्हे. दुसऱ्या दिवशी घालावयाचा धुतलेला सदरा एखादाच असे, आणि त्यावर कालवणाचा डाग पडणे ही साबण, पाणी व श्रम ह्यांची रोकड हानी होती.

पण शुद्धीची कल्पना गिरणीच्या दारात थांबली नाही. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्यामुळे सुताला लाळ लागते, धोटा उष्टा होतो, ह्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणकर खात्यापासून दूर ठेवण्यात येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे स्वतः परळच्या चाळीत राहिले होते, त्यांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न ठामपणे पुढे मांडला. भोजनाच्या पानावरील ‘उष्टे’ हा शब्द येथे रोजगाराची वाट अडविणारा शब्द झाला होता. त्याच मागावर विणलेले कापड पुढे कोणाच्याही घरी धोतर वा सदरा होऊन जाई, आणि त्याला लाळ लागल्याचे कोणी विचारीत नसे. दोष कापडाला नव्हता; तो माणसाला लावलेला होता. सोवळ्याच्या इतिहासाचा विचार करताना ही बाजू वगळली तर तो इतिहास केवळ रेशमी वस्त्रांची यादी होऊन राहील.

५

आतापर्यंतचे विवेचन जेवणाऱ्या पुरुषाविषयी झाले. वाढणाऱ्या स्त्रीला निराळे वस्त्र क्वचितच मिळे. सोवळ्यात स्वयंपाक करणारी स्त्री ते नेसे, पण तिचे जेवण सर्वांच्या मागून होई. एरव्ही तिच्या लुगड्याचा पदर हेच सर्व कामांचे साधन होते. पदर खोचून ती वाढीत असे, पदराने भांडे उतरवी, पदराला हात पुशी आणि पदरानेच मुलाचे तोंड पुशी. युरोपीय घरात एप्रन, हातरुमाल व मुलाचे फडके अशा तीन वस्तूंनी जे काम केले, ते येथे एका पदराने केले; म्हणूनच त्या वस्तूंना मराठीत वेगळी नावे पडण्याचा प्रसंग आला नाही. इतरांची वस्त्रे राखली जात असता डाग मात्र पदरावर गोळा होत.

एकच अपवाद आहे, आणि तो बोलका आहे. लहान मुलाच्या गळ्यात बांधावयाच्या वस्त्रास मराठीत ‘लाळेरे’ म्हणतात. झबले, टोपडे, कुंची, दुपटे ह्यांच्या जोडीला जुन्या, मऊ झालेल्या लुगड्यातून ते शिवले जाई. शब्द लाळेवरून आला, अन्नावरून नव्हे. उष्टावणापूर्वीच ते मुलाच्या गळ्यात पडते. मूल पाटावर बसून आपल्या हाताने जेवू लागले की ते सुटते. प्रौढ माणसाने जेवताना गळ्याशी काही बांधणे मराठी दृष्टीला बालिश वाटते, ह्याचे मूळ येथे असावे.

६

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागाची आखणी केली आणि तेथे स्वतंत्र ब्लॉकांची वस्ती उभी राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा घरांत जेवणाचे टेबल हळूहळू रूढ झाले. ताट मुखाच्या जवळ आले, मांडी टेबलाखाली गेली आणि सांडलेले अन्न मेणकापडावर पडू लागले. म्हणजे रक्षणाचे वस्त्र माणसाच्या अंगावरून लाकडावर गेले.

ह्या काळात आलेल्या शब्दांची गती पाहण्यासारखी आहे. ‘नॅपकिन’ हा शब्द मराठीत आला, परंतु मांडीवर बसला नाही. हात धुण्याच्या जागी खुंटीवर टांगलेल्या लहान टॉवेलाला तो लागला. जेवून हात धुवावयाचाच असल्याने धुतलेला हात पुसण्याचे वस्त्र तेवढे हवे होते. ‘रुमाल’ ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ तोंड पुसण्याचे वस्त्र. मराठीत तो डोक्याला बांधावयाच्या वस्त्राला आणि दप्तराच्या बासनाला लागला, व पुढे खिशात आला. कचेरीत डबा खाणाऱ्याच्या मांडीवर हाच खिशातील रुमाल पसरला गेला, कारण तेथे वस्त्र बदलण्याची सोय नव्हती. घरी मात्र बदलण्याची रीत टिकली: पुरुषाचा पंचा जाऊन लुंगी, पायजमा वा अर्धी चड्डी आली, आणि स्त्रीला गाऊनच्या रूपाने घरकामाचे निराळे वस्त्र प्रथमच सर्वत्र मिळाले.

‘निर्लेप’ ह्या शब्दाचे भाग्य सर्वांत लक्षणीय. ज्याला खरकट्याचा दोष लागत नाही असा पदार्थ, हा त्याचा एक जुना अर्थ. पुढे ज्याला अन्न चिकटत नाही अशा तव्याचे ते व्यापारी नाव झाले. दोषाचा लेप जाऊन पदार्थाचा लेप राहिला. सोवळ्याकडून परीटघडीकडे झालेला प्रवास ह्या एका शब्दात सामावला आहे.

७

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या, आणि खानावळीतील पंगतही विरळ झाली. तरीही बाहेरून आलेल्या माणसाला ‘कपडे बदल आणि मग जेवायला बस’ असे मराठी घरात आजही सांगितले जाते. सांगणाऱ्या आईला विचारले तर ती डागाचे, धुळीचे किंवा आरोग्याचे कारण देईल. तिच्या पणजीने स्पर्शाचे कारण दिले असते. वाक्य तेच आहे. ज्याच्यापासून राखावयाचे आणि जे राखावयाचे, ती दोन्ही बदलली आहेत. गृहाचाराच्या अभ्यासकाने म्हणूनच कृती टिकली एवढ्यावरून परंपरा टिकली असा निष्कर्ष काढू नये. त्या कृतीभोवतीचे शब्द कोणाचे रक्षण करीत होते आणि कोणाला दूर ठेवीत होते, हे आधी तपासावे.