सीमाभागाचा तक्ता आणि ‘व्हेअर’ची अट

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्राने पुढे चार कसोट्या मांडल्या: खेडे हा घटक, सापेक्ष भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. इंजिनिअरच्या सवयीने मी त्या एसक्यूएलमध्ये घालून पाहतो.

समजा, जनगणनेचा ‘गावे’ नावाचा तक्ता आहे. एक ओळ म्हणजे एक गाव. पहिली कसोटी इथेच आली. रकान्यांत भाषांची टक्केवारी. दुसरीसाठी:

सिलेक्ट गाव फ्रॉम गावे व्हेअर मराठी > कन्नड;

सिलेक्ट म्हणजे कुठला रकाना हवा, फ्रॉम म्हणजे कुठल्या तक्त्यातून, व्हेअर म्हणजे अट. एखाद्या गावात मराठी ४५, कन्नड ४०, उर्दू १५ धरा. गाव यादीत येतं. अट ‘मराठी > ५०’ केली की तेच गाव गळतं. तक्ता तोच, माणसं तीच!

सलगतेला नकाशा लागतो. लोकेच्छेला तर रकानाच नाही.

महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला सुचवली. बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवलं. म्हणून कुणी गावांचा आकडा सांगितला, की मी आधी विचारतो: व्हेअरपुढे काय लिहिलं होतं?