सरपणाचा हक्क, कोळशाची खिरापत

थंडीत गरिबाच्या घरातली शेगडी पेटावी म्हणून मदत कोणी करावी आणि ती कोणत्या नात्याने करावी, हा प्रश्न दिसतो तितका आधुनिक नाही. इंग्लंडपुरते बोलायचे तर त्याला आठशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. तो वाचताना आपली नजर सहसा आकड्यांवर जाते: किती कोळसा, किती पौंड, किती लाभार्थी. आम्हां भाषेच्या शिक्षकांना मात्र त्यातली क्रियापदे अधिक बोलकी वाटतात. आधी ‘गोळा करणे’, मग ‘वाटणे’, पुढे ‘मागणे’ आणि शेवटी ‘सिद्ध करणे’.

१२१५ ची मॅग्ना कार्टा सर्वांना ठाऊक असते. १२१७ साली ती सनद पुन्हा काढली गेली, तेव्हा विधवेच्या हक्कांच्या कलमात एक लहानशी भर पडली: सामाईक जमिनीवरून तिने गरजेपुरते ‘एस्टोव्हर्स’ घ्यावेत. एस्टोव्हर्स म्हणजे घराला लागणारे सरपण, डागडुजीचे लाकूड वगैरे. कायद्याच्या दृष्टीने असे हक्क बहुधा घर वा जमीन धारण करणाऱ्यांचे असले, तरी गावोगावच्या वहिवाटीत भूमिहीनही वाळक्या फांद्या आणि झुडपे मोळी बांधून नेत. ही मोळी कोणी दिलेली नव्हती. ती गोळा केलेली होती. त्यामुळे तिच्याबद्दल कोणाचे आभार मानण्याचा प्रश्नही नव्हता.

कुंपणे आली आणि हे क्रियापद बदलले. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने कुंपणबंदीचे पाच हजारांहून अधिक कायदे केले. सुमारे ६८ लाख एकर सामाईक जमीन त्यांच्या कक्षेत आली. गरिबांचे सरपण गेल्याची जाणीव कायदे करणाऱ्यांना नव्हती असे नाही. कित्येक गावांत भरपाई म्हणून एखादा तुकडा ‘गरिबांच्या इंधनासाठी’ राखला गेला. तो विश्वस्तांच्या ताब्यात असे. पुढे पुष्कळ ठिकाणी तो खंडाने देऊन त्या पैशांतून कोळसा घेतला जाई आणि हिवाळ्यात वाटला जाई. कोणाला द्यायचा, हे विश्वस्त ठरवीत. हक्काची अशी खिरापत झाली.

लंडनजवळच्या हॅम्प्टन गावाचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. तेथे १८११ च्या निवाड्यात सुमारे १० एकर जमीन गरिबांच्या इंधनासाठी काढून ठेवली गेली. १९८८ साली ती एका सुपरमार्केट कंपनीला सुमारे २ कोटी १० लाख पौंडांना विकली गेली. त्या निधीतून तेथील न्यास आजही गरजू कुटुंबांना वीज आणि गॅसच्या बिलांसाठी अनुदान देतो. गेलेल्या सरपणाची किंमत एवढी होती, हे कळायला पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. १८७८ च्या वन कायद्यानंतर आपल्याकडे डोंगर, रान आणि गायराने सरकारी जंगलात गेली, याबद्दलचा जोतीराव फुल्यांचा संताप १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वाचायला मिळतो. वहिवाट एका रात्रीत गुन्हा कशी ठरते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

विसाव्या शतकात दात्याची जागा राज्यसंस्थेने घेतली. १९४८ साली जुनी ‘पुअर लॉ’ व्यवस्था संपली. पुढे निर्वाहभत्त्यात घर उबदार ठेवण्यासाठी जादा रक्कम मिळू लागली. १९८८ च्या फेररचनेत तीही गेली. त्यानंतर उरलेल्या योजनांपैकी एक अशी: नोव्हेंबर ते मार्च या काळात सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य अंश किंवा त्याखाली गेले, तरच ठरावीक भत्ता घेणाऱ्यांना मदत मिळते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही रक्कम २५ पौंड आहे. म्हणजे थंडी मोजायची ती वेधशाळेच्या तापमापकाने. तीन अंशांवर ओल धरलेल्या खोलीत कुडकुडणाऱ्या म्हातारीची थंडी या हिशेबात बसत नाही. १९९१ साली ब्रेंडा बोर्डमन यांनी ‘फ्युएल पॉव्हर्टी’ या ग्रंथात नेमके हेच दाखवून दिले. त्यांच्या मते ही गरिबी केवळ तुटपुंज्या उत्पन्नाची नाही. ऊब धरून न ठेवणाऱ्या घराचीही आहे.

१९९७ साली गॉर्डन ब्राऊन यांनी वृद्धांसाठी ‘विंटर फ्युएल पेमेंट’ सुरू केले. सुरुवातीला रक्कम अवघी २० पौंड होती, अधिक गरीब घरांना ५०. महत्त्वाचे हे की ते श्रीमंत-गरीब न पाहता सर्वांना होते. पैसे कशावरही खर्चता येत होते. तरीही २०११ च्या एका अभ्यासात आढळले की त्यातला सुमारे ४१ टक्के भाग इंधनावरच जातो. हीच रक्कम बिननावाची असती, तर जेमतेम तीन टक्के गेला असता. नावात काय असते, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी हे अनुदान मुख्यतः ‘पेन्शन क्रेडिट’ घेणाऱ्यांपुरते आखडले. श्रीमंतांना सरकारी पैसा कशाला, हा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. परंतु त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार सुमारे ८ लाख ८० हजार पात्र कुटुंबे हे क्रेडिट मागतच नव्हती. काहींना ते ठाऊक नव्हते, काहींना अर्ज जमत नव्हता, काहींना लाज वाटत होती. गरिबी सिद्ध करण्याची अट सर्वांत आधी गरिबालाच गाळते. जून २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली: इंग्लंड आणि वेल्समध्ये पैसे पुन्हा बहुतेक सर्व वृद्धांना द्यायचे आणि वार्षिक उत्पन्न ३५ हजार पौंडांहून अधिक असेल, तर ते करातून परत घ्यायचे.

हा बदल तांत्रिक वाटतो, पण आमच्या मते तोच या इतिहासाचा मथितार्थ आहे. पारख दोन्हीकडे आहे. फरक आहे तो ती कधी करायची याचा. कोळसा वाटणारा विश्वस्त आधी माणूस पारखी आणि मग टोपली भरी. आता टोपली आधी पोहोचते आणि पुराव्याचा भार धनवंतावर पडतो. रानातून मोळी आणणाऱ्या विधवेचा हक्क काही यातून परत आलेला नाही. पण निदान ऊब मिळवण्यासाठी दारात हात पसरून उभे राहण्याची पाळी तरी टळते.