ट्रोडोस : चित्रित चर्चे आणि डोंगरवाटा

ट्रोडोस : सायप्रस बेटाच्या मध्य व नैऋत्य भागातील पर्वतरांग. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाच्या या बेटावरील सर्वांत उंच शिखर, ख्योनिस्त्रा किंवा ऑलिंपस (उंची १,९५२ मी.), याच रांगेत आहे. रांगेच्या दऱ्याखोऱ्यांत अकराव्या ते सोळाव्या शतकांत बांधलेली, आतून भित्तिचित्रांनी मढवलेली अनेक लहान ऑर्थोडॉक्स चर्चे आहेत. त्यांपैकी नऊ चर्चांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८५ मध्ये समावेश झाला. २००१ मध्ये पालेखोरी येथील दहाव्या चर्चची भर पडली. चर्चे पाहणारे आणि डोंगर चालणारे असे दोन प्रकारचे प्रवासी येथे येतात. प्रत्यक्षात हे दोन विषय एकच आहेत. डोंगरावरील बर्फाने या चर्चांना त्यांचे छप्पर दिले, छपराने आतली चित्रे वाचवली आणि दऱ्यांच्या आडोशाने ती चित्रे काढणारी परंपरा जगली.

भूरचना : ट्रोडोसचा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. सुमारे ९ कोटी २० लाख वर्षांपूर्वी टेथिस या प्राचीन महासागराच्या तळाखाली हे खडक तयार झाले. पुढे आफ्रिकेचे भूपट्ट उत्तरेकडील भूपट्टाखाली सरकू लागले, तेव्हा सागरतळाचा हा तुकडा त्याखालच्या प्रावरणासह वर उचलला गेला. घुमटासारख्या या फुगवट्याचा माथा झिजत गेल्यामुळे एरवी सर्वांत खोल असणारे प्रावरणाचे खडक येथे शिखरावर उघडे पडले आहेत, तर सागरतळावरचा लाव्हा पायथ्याशी दिसतो. सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्ह्याचाच. पण तो उघड्या जमिनीवर थरांवर थर पसरत गेला. ट्रोडोसच्या पायथ्याचा लाव्हा पाण्याखाली थिजला, म्हणून तो एकावर एक रचलेल्या उशांसारखा गोल गोल दिसतो. वर उचललेल्या सागरतळाच्या या भूरचनेमुळे ट्रोडोसला २०१५ मध्ये युनेस्कोचे जागतिक भूउद्यान म्हणून मान्यता मिळाली.

याच खडकांत तांबे सापडे. तांब्याचे लॅटिन नाव ‘कुप्रुम’ हे सायप्रसच्या नावावरूनच आले आहे. क्रोमाइट आणि ॲस्बेस्टॉस यांच्याही खाणी येथे होत्या. आमियांडोस येथील ॲस्बेस्टॉसची प्रचंड खाण १९८८ मध्ये बंद झाली. तिच्या उघड्या उतारांवर माती घालून पुन्हा जंगल वाढवण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

इतिहास : सायप्रस बायझंटिन साम्राज्याचा भाग असताना अकराव्या-बाराव्या शतकांत ट्रोडोसमध्ये मठ आणि चर्चे उभी राहू लागली. कॉन्स्टँटिनोपलशी संबंध असलेले अधिकारी आणि जमीनदार त्यांचे आश्रयदाते होते. धर्मयुद्धाच्या मोहिमेवर निघालेला इंग्लंडचा राजा रिचर्ड याने ११९१ मध्ये बेट जिंकले. पुढच्याच वर्षी ते फ्रेंच लुसिन्यां घराण्याकडे गेले आणि या घराण्याने १४८९ पर्यंत तेथे राज्य केले. त्यानंतर व्हेनिसची सत्ता आली. १५७१ मध्ये ऑटोमन तुर्कांनी बेट घेतले. १८७८ मध्ये कारभार ब्रिटिशांकडे गेला आणि १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाले.

लुसिन्यां काळात रोमच्या कॅथलिक चर्चचे वर्चस्व प्रस्थापित झाले. ऑर्थोडॉक्स बिशपांची संख्या चारवर आणली गेली आणि १२६० च्या पोपच्या आज्ञापत्रानुसार त्यांना मोठ्या शहरांऐवजी आडगावी पाठवण्यात आले. निकोसियाच्या ऑर्थोडॉक्स बिशपाला मिळालेले ठिकाण म्हणजे ट्रोडोसच्या उत्तर उतारावरील सोलेया खोरे. निकोसिया व फामागुस्ता या शहरांत फ्रेंच गॉथिक शैलीची भव्य कॅथेड्रल उभी राहत असताना डोंगरात गावचे धर्मगुरू आणि शेतकरी आपापल्या ऐपतीने लहान चर्चे बांधत होते. आजच्या वारशाचा मोठा भाग या साध्या माणसांनी घडवला.

ब्रिटिश काळात उन्हाळ्यात बेटाचा कारभार ट्रोडोसवरून चाले. मुंबई इलाख्यात महाबळेश्वरचे जे स्थान होते तेच येथे ट्रोडोसचे. येथील गव्हर्नरनिवासाच्या बांधकामावर १८८० मध्ये फ्रेंच कवी आर्तूर रँबो याने काम केले होते. ती वास्तू आता राष्ट्राध्यक्षांचे उन्हाळी निवासस्थान आहे.

वास्तुरचना : बाहेरून पाहणाऱ्याला यांतली बहुतेक चर्चे धान्याचे कोठार किंवा गोठा वाटतील. ओबडधोबड दगडी भिंती, त्यांवर खूप उतरते लाकडी छप्पर आणि छपरावर सपाट कौले. या कौलांना मागच्या बाजूस आकडा असतो. तो लाकडी पट्टीत अडकतो, त्यामुळे तीव्र उतारावरूनही कौल घसरत नाही. कोकणातली कौलारू देवळे पावसासाठी जे करतात ते ही चर्चे बर्फासाठी करतात. छप्पर अनेकदा भिंतींच्या पुष्कळ पुढे, जवळजवळ जमिनीपर्यंत उतरते. मूळ चर्चभोवती बाहेरची भिंत किंवा लाकडी जाळी घालून फिरण्यापुरती बंदिस्त ओवरी केलेली असते.

जुन्या चर्चांपैकी बरीच घुमटाची होती. कालांतराने त्यांच्या घुमटांवरही असे दुसरे छप्पर चढवले गेले. काकोपेत्रिया येथील चर्चला तर त्यामुळेच ‘छपराचे संत निकोलस’ हे नाव पडले. पुढे तेराव्या शतकापासून घुमट न बांधता एका दालनावर थेट लाकडी छप्पर घालण्याची पद्धत रूढ झाली. मूतुल्लास येथील १२८० चे चर्च हे या प्रकाराचे एक आरंभीचे उदाहरण होय.

चित्रे : आतल्या भिंतींवर चित्रांशिवाय मोकळी जागा सहसा सापडत नाही. मांडणी ठरलेली असते. घुमट असेल तर सर्वांत वर त्यात सर्वाधिपती ख्रिस्त, वेदीमागच्या अर्धगोलात मरियामाता, वरच्या पट्ट्यांत ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंग आणि खाली उभ्या माणसाच्या उंचीवर संत. प्रार्थनेला आलेला गावकरी संतांच्या रांगेतच उभा राहतो, अशी ही योजना आहे. पश्चिम भिंतीवर क्रूसारोहण किंवा अंतिम न्याय यांसारखे मोठे प्रसंग येतात.

शैलीचा प्रवासही या भिंतींवर वाचता येतो. बाराव्या शतकातील चित्रांत कॉन्स्टँटिनोपलची सफाईदार, लयदार रेषा आहे. तेराव्या शतकात स्थानिक हात अधिक ठळक होतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीचा प्रभाव शिरतो: आकृत्यांना घनता येते, मागच्या इमारतींना खोली येते.

ही चर्चे बांधवून घेणाऱ्यांची व्यक्तिचित्रे हा या वारशाचा सर्वांत माणूसपणाचा भाग आहे. पेदूलास येथे १४७४ मध्ये वासिलिओस खामादोस या धर्मगुरूने आद्यदेवदूत मिखाएलचे चर्च बांधवले आणि मिनास नावाच्या चित्रकाराने ते रंगवले. ऑर्थोडॉक्स धर्मगुरू विवाहित असू शकतात. त्यामुळे येथील चित्रात वासिलिओस एकटा नाही. तो हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरून देवदूतापुढे उभा आहे आणि त्याच्यामागे बायको व दोन मुली आहेत. पाचशेहून अधिक वर्षे हे कुटुंब आपल्याच देवळात, आपल्याच माणसांत उभे आहे.

प्रमुख चर्चे : ही चर्चे तीन भागांत विखुरलेली आहेत.

*सोलेया खोरे :* निकितारी गावाबाहेर रानात असलेले आसिनूचे चर्च सर्वांत प्रसिद्ध. त्याची चित्रे ११०५-०६ मधील आहेत. दक्षिणेकडील दारावर संस्थापक निकिफोरोस चर्चची प्रतिकृती अर्पण करताना दिसतो. पुढच्या दालनात नंतरच्या शतकांतील चित्रे असून चौदाव्या शतकातील थरही स्पष्ट ओळखू येतो. काकोपेत्रियाचे संत निकोलस चर्च अकराव्या शतकातील आहे; मरियामाता बाळाला अंगावर पाजत असल्याचे तेथील चित्र फार प्रेमाने पाहिले जाते. गालाता येथील पानायिया पोदिथू चर्च १५०२ मधील असून त्यात इटालियन वळण ठळक आहे.

*माराथासा खोरे :* सेत्राखोस नदीकाठी पेदूलास, मूतुल्लास आणि कालोपानायोतिस ही गावे एकाखाली एक वसली आहेत. कालोपानायोतिस येथील संत जॉन लांबादिस्तिस मठात तीन चर्चे शेजारी-शेजारी असून एकच विशाल छप्पर त्यांना झाकते. त्यांतील एक ‘लॅटिन’ म्हणजे कॅथलिक म्हणून ओळखले जाते. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांचे शतकांचे वैर एका छपराखाली निवलेले येथे दिसते.

*पित्सिलिया :* पूर्वेकडच्या या भागात लागूदेरा, प्लातानिस्तासा, पालेखोरी आणि पेलेंद्री येथील चर्चे आहेत. पेलेंद्रीच्या पवित्र क्रूस चर्चमधील सर्वांत जुनी चित्रे ११७८ मधील आहेत.

पायवाटा : ट्रोडोसमध्ये वनखात्याने आखलेल्या अनेक निसर्गवाटा असून युरोपभर जाणारी ई-४ ही दीर्घ पल्ल्याची वाटही येथून जाते. शिखरावर रडारकेंद्र असल्याने माथ्यापर्यंत जाता येत नाही. सुमारे ७ किमी.ची आर्टेमिस वाट शिखराला वळसा घालते आणि शेकडो वर्षांच्या काळ्या पाइन वृक्षांमधून जाते. त्याखालची आटालांटे वाट एका जुन्या क्रोमाइट खाणीच्या तोंडाशी पोचवते. कॅलिडोनिया वाट सुमारे ३ किमी.ची, ती क्रिओस पोतामोस म्हणजे ‘थंड नदी’ या ओढ्याच्या कडेने धबधब्याकडे उतरते. वाटेवर सोनेरी ओक भेटतो. याच्या पानांची खालची बाजू सोनेरी-पिवळी असते. हा वृक्ष केवळ सायप्रसमध्येच आढळतो. पश्चिमेकडील वनांत सायप्रसचा आखूड पानांचा देवदार आणि मूफ्लॉन ही रानमेंढी आहे.

चर्चांसाठी चालणाऱ्याने मात्र लागूदेरा ते प्लातानिस्तासाजवळील स्तावरोस तू आयियास्माती ही सुमारे ७ किमी.ची वाट चुकवू नये. आरंभी लागूदेराचे पानायिया तू आराका. त्याची चित्रे डिसेंबर ११९२ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे रिचर्डने बेट जिंकल्यानंतर सुमारे दीड वर्षाने. तेथील एका चित्रात मरियामाता बाळाला हातांवर आडवे घेऊन उभी आहे आणि दोन्ही बाजूंचे देवदूत त्याच्या पुढील यातनांची साधने, क्रूस व भाला, घेऊन आले आहेत. आईच्या चेहऱ्यावर ते सारे कळल्याची छाया आहे. तेथून निघालेली वाट डोंगरउतारावरच्या पाइनच्या झाडीतून आणि दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांजवळून जाते. चुना-माती न वापरता दगडावर दगड बसवून असे बांध रचण्याची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली; तेव्हा ती सायप्रससह आठ देशांचा सामाईक वारसा म्हणून नोंदली गेली. वाटेच्या दुसऱ्या टोकाला १४९४ चे चर्च आहे. पीटर पेराटिस या धर्मगुरूने ते बांधवले आणि फिलिप गूल याने रंगवले. उत्तर भिंतीतील एका कोनाड्यात ख्रिस्ताचा क्रूस सापडल्याची कथा छोट्या छोट्या चौकटींत सांगितली आहे. एका सकाळच्या चालीत तीनशे वर्षे पार होतात. दोन्ही टोकांना तेच ख्रिस्त, तीच मरिया आणि तेच संत असतात. रेषा मात्र बदललेली असते. परकी सत्ता तीन शतके डोक्यावर असताना या डोंगरातल्या माणसांनी काय सोडले आणि काय धरून ठेवले, ते येथे पायांनी समजते.

जतन : मेणबत्त्यांची काजळी, ओल आणि भूकंप यांनी या चित्रांची हानी केली. आसिनू व लागूदेरा येथे १९६० च्या दशकापासून अमेरिकेतील डंबार्टन ओक्स संस्थेच्या सहभागाने स्वच्छता व संवर्धनाचे मोठे काम झाले. पुराणवस्तू खाते आणि चर्च यांच्याकडे आता देखभाल आहे. १९७४ मध्ये बेटाची फाळणी झाल्यानंतर त्याच्या उत्तर भागातील अनेक चर्चांची लूट झाली. लिसी येथील तेराव्या शतकातील चित्रे तुकडे करून देशाबाहेर नेण्यात आली. ती अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात राहून २०१२ मध्ये सायप्रसला परतली, पण मूळ भिंतींवर परतलेली नाहीत. ट्रोडोसची चित्रे आपापल्या भिंतींवर आहेत, हे भाग्य किती मोठे ते या उदाहरणावरून कळते.

नवा धोका वणव्याचा आहे. जुलै २०२१ मध्ये दक्षिण उतारांवरील आराकापास परिसरातील वणव्यात चार शेतमजुरांचा बळी गेला आणि ५० चौ. किमी.हून अधिक प्रदेश जळाला. उन्हाळा अधिक कोरडा होत गेला, तर शतकानुशतके बर्फ पेललेल्या लाकडी छपरांना आगीपासून जपावे लागेल.

भेट : चालण्यासाठी वसंत आणि शरद हे ऋतू उत्तम; जानेवारी ते मार्च माथ्यावर बर्फ असतो. उन्हाळ्यातही उंचावर हवा सुसह्य असते, पण पाणी सोबत हवे आणि विस्तव पेटवणे टाळायलाच हवे. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत. आडवाटेच्या काही चर्चांना कुलूप असते आणि किल्ली गावातल्या धर्मगुरूकडे किंवा राखणदाराकडे असते. किल्ली मागायला गावात जावेच लागते, आणि तेच योग्य आहे. ज्यांच्या पूर्वजांनी भिंतीवर स्वतःला चर्च हातात धरून रंगवून घेतले, त्यांच्याच गावात आजही ते दार उघडणारी माणसे आहेत.