उघाडीच्या आतली जमीन

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर घणसोली-वाशीपासून थेट उरणपर्यंत गेल्या अर्धशतकात जे विस्तीर्ण नगर उभे राहिले, त्याच्या पायाखालची पुष्कळशी जमीन निसर्गदत्त नव्हती. आगरी शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी भरतीच्या पाण्याला बांध घालून ती समुद्राकडून हातहातभर सोडवून घेतली होती. खारघर, खारकोपर ही नावे आज आगगाडीच्या स्थानकांवर झळकतात. परंतु त्यांतल्या ‘खार’ या शब्दामागे केवढी मेहनत उभी आहे, याची कल्पना तेथे उतरणाऱ्या उतारूला सहसा नसते.

ही शेती कशी होत असे, हे जाणल्यावाचून तिच्याबरोबर काय गेले ते उमगणार नाही. खाडीच्या अंगाला चिखलमातीचा भक्कम बाहेरकाठा रचीत आणि त्याच्या पोटात लाकडी दाराची एक मोरी बसवीत. तिला उघाडी म्हणत. दार खाडीच्या बाजूस, वरच्या कडेवर टांगलेले असे. भरती चढू लागली की खाडीचे पाणीच त्याला चौकटीवर दाबून धरी, आणि ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी त्याला ढकलून वाट काढी. माणसाचा हात न लागता दिवसातून दोनदा हा व्यवहार बिनबोभाट पार पडे. मृगाच्या पावसाने मातीतला मिठाचा अंश धुऊन बाहेर गेला म्हणजे भिजवून मोड आणलेले बी, ज्याला रहू म्हणतात, चिखलात फेकीत. नांगर पुष्कळ ठिकाणी लावीतच नसत. पीक येई ते बहुधा तांबड्या भाताचे. पण खेकड्याच्या एखाद्या बिळातून पाणी पाझरू लागावे, उधाणाने ते बीळ रुंदावून बांधाला खांड पडावी, आणि उभे पीक एका भरतीत खारे होऊन जावे, हे भय सदैव उशाशी असे. म्हणून खांड पडल्याची हाक आली की रात्री-अपरात्री सारा गाव टोपल्या घेऊन बांधावर धावे.

महसूल दफ्तराने या श्रमाची नोंद आपल्या परीने घेतली होती. खार उठवणारास आरंभी सारामाफीचा आणि पुढे चढत्या साऱ्याचा, म्हणजे इस्ताव्याचा, कौल देण्याची वहिवाट होती, आणि कुलाबा प्रांती शिलोत्री नावाचा स्वतंत्र धाराप्रकार होता, ज्यात शिलोत्रदार बांधाची दुरुस्ती करी आणि कुळे त्याबद्दल साऱ्याखेरीज धान्य देत. कोठे कोठे कुळेच मिळून बांध राखीत. पुढे खोती-सावकारीचा काच असह्य झाला, तेव्हा नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे जमिनी न कसण्याचा संप केला. कूळकायदा 1948 साली झाला, आणि 1 एप्रिल 1957 या दिनांकाने कसणारा मालक ठरला.

आणि येथेच माझे मन अडखळते. बापजाद्यांनी उठवलेल्या जमिनीवर आपले नाव लागून जेमतेम तेरा वर्षे झाली असतील, तोच 1970 च्या मार्चमध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या टापूतील 95 गावांचे क्षेत्र नव्या शहरासाठी मुक्रर झाले. मुंबईचा भार हलका करण्याची निकड खरी होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची मूळ कल्पनाही उदात्त होती. परंतु 1894 च्या भूसंपादन कायद्याने मोबदला ठरे तो अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने, आणि त्या भावात पिढ्यान्‌पिढ्यांच्या बांधबंदिस्तीला रकाना नव्हता. हा अन्याय होता, असे मी निःसंकोच म्हणतो. जासईचे दि. बा. पाटील यांनी त्याविरुद्ध रान उठवले; 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले, आणि त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंड मिळाले, शेत मिळाले नाही.

नव्या शहराच्या रचनाकारांनाही अखेर त्याच पाण्याशी गाठ घालावी लागली. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवण्यासाठी त्यांनी धारण तलाव खोदले आणि त्यांच्या तोंडाशी भरतीला मिटणाऱ्या व ओहोटीला उघडणाऱ्या झडपा बसवल्या. ती उघाडीच होय.

पेण, अलिबाग, उरण या भागांत खारबांध आणि उघाड्या अजून पाहावयास मिळतात, आणि बांध केव्हा फुटेल हे नुसत्या मातीच्या रंगावरून सांगणारी वृद्ध माणसेही तेथे आहेत. ज्यांना सवड असेल त्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि ती सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे.